ग्रुपवर आलेली भुताची गोष्ट कशी टिपावी

घाटात लिफ्ट मागणारी, पांढऱ्या साडीतली बाई व्हॉट्सॲप ग्रुपवर अवतरली की आधी स्क्रीनशॉट घ्या. चॅट एक्सपोर्ट केल्यावर मिळणाऱ्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘फॉरवर्डेड’ ही खूण येत नाही, आणि नेमकी तीच महत्त्वाची असते. दोन बाण दिसले तर मजकूर निदान पाच हात फिरून आलेला आहे. पाठवणाऱ्याला सांगणारा समजू नका.

एक्सपोर्ट तरीही कराच. मीडियासह साधारण १०,०००, मीडियाशिवाय ४०,००० संदेश मिळतात, त्यामुळे जुन्या ग्रुपचे सुरुवातीचे संदेश गळतात. गोष्टीच्या आधीचे-नंतरचे वीसेक संदेश ठेवा. ‘आमच्या काकांनाही दिसली होती’ असं कुणी लिहितं, दुसरा लगेच जागा बदलतो. गोष्ट खरी घडते ती इथे. व्हॉइस नोट असेल तर मूळ फाइल जपा आणि बोली जशीच्या तशी उतरवा. मालवणी ‘सुधारून’ प्रमाण मराठीत लिहिली की गोष्टीतला माणूसच नाहीसा होतो.

मग सांगणाऱ्याला विचारा: कुणाकडून ऐकली, कधी, कुठे? ‘मित्राच्या मित्राला’ हे उत्तर हमखास येईल, तेही लिहा. ‘खरंच घडलं का?’ असं विचारू नका. माणूस बचावात जातो आणि तपशील आटतात. स्थळ मात्र नेमकं घ्या. मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडी घाटाची गोष्ट असेल तर गाडी जुन्या वळणांवरून जाते की बोगद्यातून? बोगदा २०२३ मध्ये सुरू झाला, म्हणजे गोष्टीचं बोगद्यातलं रूप त्यानंतरचं. जुन्या रस्त्याच्या उल्लेखावरून मात्र काळ ठरवता येत नाही, कारण लोक जुनी जागा सोडत नाहीत.

एका रूपावर थांबू नका. रिचर्ड बीर्ड्सली आणि रोझली हँकी या अभ्यासकांनी १९४२ मध्ये अमेरिकेतल्या अशाच गायब होणाऱ्या प्रवाशाच्या ७९ कथा चार गटांत लावल्या होत्या. तुम्ही प्रत्येक रूपासाठी तक्त्यात एक ओळ करा: वाहन, वेळ, बाईचं बोलणं, ती कुठे नाहीशी झाली, मागे काय उरलं. रिकामा रकाना अंदाजाने भरू नका.

नावं आणि नंबर काढून ‘सांगणारा क, रत्नागिरी, चाळिशीतला’ एवढंच ठेवा. छापण्याआधी परवानगी घ्या.

मुलं पळवणाऱ्या टोळीचा मजकूर आला तर नियम वेगळा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने पाच जणांचा जीव घेतला. तो मजकूर टिपा, पण कुठेही पुन्हा टाकू नका. अफवा ताजी असेल तर आधी पोलिसांना कळवा, नोंद मागाहून करा.