पुरवठादारांचा तक्ता भरताय? या चुका टाळा

मार्च लागला की आमच्या तालुक्यातले ठेकेदार बिलांची पिशवी घेऊन हजर होतात. आत विटांची बिलं, गिट्टीच्या पावत्या, लोखंडाच्या दुकानाची चलानं आणि मधेच एखादी लग्नपत्रिका. "भाऊ, यातून तेवढा तक्ता काढून द्या." तक्ता म्हणजे माल कोणाकडून घेतला त्याचा हिशेब: सूक्ष्म-लघु उद्योगांकडून किती, महिलांच्या उद्योगांकडून किती, अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून किती. सरकारी अर्थसाहाय्यातून घरं बांधताना करारात तशी अट असली की हा कागद द्यावाच लागतो.

घरकुल कोणतं, ते आधी पाहा

गावात सगळ्यालाच घरकुल म्हणतात. पण प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये लाभार्थ्यानं घर स्वतः बांधायचं असतं, ठेकेदार नेमायचा नसतो. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी थेट त्याच्या खात्यात येतात. तिथं पुरवठादारांच्या तक्त्याचा प्रश्नच नाही. प्रश्न येतो तो नगरपंचायतीच्या हद्दीतल्या, सरकार आणि विकासक यांच्या भागीदारीतल्या प्रकल्पांत, जिथं विकासक एकगठ्ठा घरं उभी करतो.

दुसरा घोळ २५-४-३ या आकड्यांचा. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयं आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायची असते. १ एप्रिल २०१९ पूर्वी हे प्रमाण २० टक्के होतं. या २५ मध्येच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. हे बंधन वेकोलिसारख्या (केंद्राची कोळसा कंपनी) उपक्रमावर आहे, तुमच्यावर नाही, आणि बांधकामाची कंत्राटं त्या धोरणात मोजलीच जात नाहीत. तुम्हाला तुमच्या करारात लिहिलेला आकडा पाळायचा आहे. बहुतेक करारांत व्याख्या मात्र याच धोरणातून उचललेल्या असतात, आणि गाडी नेमकी तिथंच अडते.

सिमेंटच्या दुकानाचं गणित

गेल्या वर्षी एक तक्ता माझ्याकडे आला. माल ८० लाखांचा, आणि सूक्ष्म उद्योगांकडून खरेदी शंभर टक्के! ठेकेदार खूश. बिलं उलटून पाहिली तर त्यातले ४६ लाख सिमेंट आणि सळाखीच्या दोन दुकानांचे. दोघांकडेही उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची केंद्राची नोंदणी) होती, 'सूक्ष्म' असं छापलेलं होतं, एक दुकान तर वहिनींच्या नावावर. पण उद्यम प्रमाणपत्रावर कामाचा प्रकार होता व्यापार. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. खरेदी धोरणाच्या हिशेबात व्यापारी धरत नाहीत, माल बनवणारे आणि सेवा देणारेच धरतात. ती दुकानं वगळली, मग नोंदणी नसलेल्या भट्ट्या वगळल्या. उरल्या १४ लाखांच्या विटा आणि ग्रिल. शंभराचे साडेसतरा झाले.

म्हणून प्रमाणपत्राची झेरॉक्स घेतली की फक्त नाव वाचून फाईलला लावू नका. तीन ठिकाणी बोट ठेवा: कामाचा प्रकार, वर्ग (सूक्ष्म, लघु की मध्यम) आणि नोंदणीची तारीख. माल आधी आणि नोंदणी नंतर असली की वादाला तोंड फुटतं. नोंदणी फुकट आहे, स्वयंघोषणेवर होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि उद्यमच्या आधीचा, जुन्या नोंदणीचा उद्योग आधार क्रमांक ३० जून २०२२ नंतर चालत नाही, तरी अजून पिशवीतून निघतो.

नावावर बाई, भट्टीवर बुवा

महिलांच्या रकान्यात एका वीटभट्टीचं नाव होतं. खात्री करायला मी फोन लावला. "मले काय इचारता भाऊ, ते ह्यांले इचारा. मी तं भट्टी पाह्यलीबी नाही." मी तो आकडा रकान्यातून काढला. एकल मालकीत मालक स्वतः बाई असावी लागते. भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के वाटा महिलांचा हवा. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योगांनाही हाच ५१ चा हिशेब. नावापुरती मालकी कागदावर कदाचित खपेलही, पण तपासणीला आलेल्या माणसानं असाच एक फोन लावला तर?

याच्या अगदी उलट फ्लाय अ‍ॅशच्या विटा पाडणाऱ्या एका बचत गटाचं झालं. सगळं काम बायकांचंच, पण पैसे गेले अध्यक्षताईंच्या मुलाच्या फोनवर, कारण त्याचं स्कॅनर चालू होतं. त्यामुळे वहीत नाव पडलं मुलाचं आणि गटाची खरेदी तक्त्यात आलीच नाही. गटाच्या नावानंही उद्यम नोंदणी होते. बिल गटाचं घ्या, पैसे गटाच्याच खात्यात टाका.

ट्रॅक्टरवाल्याच्या हातात रोख देण्याचंही तेच. मालापोटी एकाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली की तो खर्च आयकरात धरत नाहीत, आणि तक्त्याला पुरावा उरत नाही तो वेगळाच.

उधारीची मुदत

सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. आपल्याकडे लेखी करार कोण करतं? म्हणजे धरा १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. ३१ मार्चला मुदत उलटून गेलेली थकबाकी त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. यालाच लोक १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलमावरून 'त्रेचाळीस बी एच' म्हणतात. तुमची कंपनी असेल आणि अशा पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडकले असतील, तर एमएसएमई-१ हा थकबाकी कळवायचा फॉर्म कंपनी निबंधकाकडे ३१ ऑक्टोबर आणि ३० एप्रिलला भरायचा असतो. तक्त्यात ज्याचं नाव मिरवलं, त्याचीच थकबाकी या फॉर्मात निघाली तर वाचणारा दोन्ही कागद शेजारी ठेवतो.

चुकीचा तक्ता आधीच गेला असेल तर

दुरुस्त तक्ता आणि कुठला आकडा का बदलला याचं एक पानी पत्र, दोन्ही सोबत द्या. साडेसतरा टक्क्यांवाला ठेकेदार आठ दिवस टाळत होता, बिल अडेल म्हणून. शेवटी गेला. साहेबांनी पत्र वाचलं आणि विटांच्या वहीची झेरॉक्स मागितली, एवढंच.