अमेरिकेतलं यादवी युद्ध डोक्यात बसवायचंय? मग लढायांची यादी बाजूला ठेवा

अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1861 ते 1865, म्हणजे उत्तरेतली राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेतली, वाचायला घेतलं की बहुतेक जण डायरेक्ट गेटिसबर्गच्या लढाईपासून सुरू करतात, कारण व्हिडिओ त्याचेच जास्त, आणि मग बुल रन नावाची लढाई दोनदा झाली हे कळलं की तिथेच गळपटतात. एमपीएससी-यूपीएससीवाली पोरं तर चार सनावळ्या पाठ करून मोकळी होतात. आपण किनाऱ्यावरची माणसं, खाडी, बंदर, भरती-ओहोटी आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, तर हे युद्ध पाण्याच्या बाजूने वाचा, आणि शेजारी राजकारणाची तारखेवार पट्टी ठेवा. कोण का हरला ते मग आपोआप दिसतं.

सामान जास्त नाही. एक मोठा चार्ट पेपर, दोन रंगांची स्केच पेनं, थोडी सुतळी आणि मूठभर काजूच्या बिया (सीझन संपला असेल तर चिंचोके चालतील). नकाशा सुबक नको. उजवीकडे अटलांटिकचा किनारा वाकडातिकडा काढा, खाली मेक्सिकोचं आखात, आणि मधोमध वरून खाली मिसिसिपी नदी म्हणून सुतळी ठेवा. तिला उजवीकडून ओहायो येऊन मिळते, आणि ओहायोला टेनेसी आणि कंबरलँड या दोन नद्या मिळतात, त्या आठवणीने काढा, पुढे लागणारेत. किनारा आणि मिसिसिपी यांच्या मध्ये अ‍ॅपलाचियन डोंगर, आपला सह्याद्री आहे तसाच किनाऱ्याला समांतर. वॉशिंग्टन (उत्तरेची राजधानी) आणि रिचमंड (दक्षिणेची) हे दोन ठिपके, दोघांत अंतर फक्त 160 किलोमीटरच्या आसपास. आता बिया ठेवा: नॉरफोक, विल्मिंग्टन, चार्ल्सटन, सव्हाना, मोबील, न्यू ऑर्लिन्स आणि पार टेक्सासला गॅल्व्हस्टन. बंदर उत्तरेच्या हातात गेलं की बी उचलायची.

पण बी उचलायच्या आधी भांडण कशावरून ते लिहून घ्या, नाहीतर सगळं नुसतं धाडधूड वाटेल. पश्चिमेकडे नवीन प्रदेश मिळत होते आणि तिथे गुलामगिरी चालणार की नाही यावर 1820 पासून तडजोडी चालल्या होत्या, 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती घडी विस्कटली, 1857 च्या ड्रेड स्कॉट निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालायचा काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, अधिकारच नाही. नोव्हेंबर 1860 ला लिंकन निवडून आला, चौरंगी लढत, मतं जेमतेम 40 टक्के, आणि दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. तो म्हणत होता की जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावत नाही, फक्त पसरू देणार नाही. तेवढंही दक्षिणेला चाललं नाही. 20 डिसेंबर 1860 ला साउथ कॅरोलिना बाहेर पडलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सात राज्यं, त्यांनी वेगळं सरकार काढलं आणि जेफरसन डेव्हिसला अध्यक्ष केलं.

इथे कोणीतरी हमखास म्हणणार की अहो ते राज्यांच्या हक्कांसाठी लढले, गुलामगिरी नंतर चिकटवली. वाद घालत बसू नका, त्या राज्यांनी स्वतः छापलेली जाहीर कारणं वाचायला द्या. मिसिसिपीच्या पत्रकात अगदी सुरुवातीलाच गुलामगिरी आहे. साउथ कॅरोलिनाची तर तक्रारच अशी की उत्तरेतली राज्यं पळून गेलेले गुलाम परत देत नाहीत, म्हणजे दुसऱ्या राज्यांनी हक्क वापरले याचाच राग! 1860 च्या जनगणनेत देशात जवळपास 40 लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत. हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात मोठा लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका.

आता पहिला तोफगोळा. फोर्ट सम्टर म्हणजे चार्ल्सटन बंदराच्या तोंडावर पाण्यातला किल्ला, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग दिसतो तसा गावातून दिसणारा, फरक एवढाच की आतली शिबंदी उत्तरेची आणि सभोवतालचा किनारा सगळा दक्षिणेचा. आतला मेजर अँडरसन, त्याच्याकडचं धान्य संपत आलेलं. लिंकनने काय केलं, आधी कळवून फक्त रसद पाठवतो म्हणाला. आता गोळी घालायची तर ती डेव्हिसने. 12 एप्रिल 1861 च्या पहाटे साडेचारला तोफा सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, आणि गंमत बघा, त्या एवढ्या माऱ्यात कोणी मेलं नाही. लिंकनने 75,000 स्वयंसेवक मागितले तशी व्हर्जिनियासकट अजून चार राज्यं फुटली, एकूण अकरा. पण डेलावेअर, मेरिलँड, केंटकी, मिसुरी ही गुलामगिरीची राज्यं असूनही उत्तरेकडेच राहिली, ती वेगळ्या रंगात काढा. लिंकन पहिलं दीड वर्ष गुलामगिरीबद्दल इतकं जपून का बोलत होता ते या चार राज्यांकडे बघून कळतं.

आता बियांचा खेळ. 19 एप्रिल 1861 ला लिंकनने नाकेबंदी जाहीर केली, किनारा साडेपाच हजार किलोमीटरचा आणि गस्तीला जहाजं मोजकी, लोक हसले. म्हातारा जनरल स्कॉट म्हणत होता की समुद्र बंद करा, मिसिसिपी ताब्यात घ्या, हळूहळू आवळा, पेपरवाल्यांनी त्याला अ‍ॅनाकोंडा म्हणून चिडवलं. पण बघा, 1862 च्या एप्रिलअखेर उत्तरेच्या फॅरागटने रात्री किल्ल्यांच्या तोफांखालून जहाजं काढून न्यू ऑर्लिन्स घेतलं, दक्षिणेतलं सगळ्यात मोठं शहर, उचला बी. मे महिन्यात नॉरफोक, उचला. गॅल्व्हस्टन ऑक्टोबरमध्ये घेतलं पण 1 जानेवारी 1863 ला दक्षिणेने परत हिसकावलं, म्हणजे बी उचलून परत ठेवायची. बाकीच्या बंदरांत नासाऊ आणि बर्म्युडाहून हलक्या, वेगवान, राखाडी रंगाच्या आगबोटी काळोखात घुसायच्या, पुष्कळशा सुटायच्याही, पण त्यांत माल मावणार किती? कापसाच्या अवजड गासड्या न्यायला मोठी जहाजं लागतात, ती बंदच झाली.

नद्यांकडे वळा. फेब्रुवारी 1862 मध्ये उत्तरेच्या ग्रँट नावाच्या तोपर्यंत कोणाला फारसा माहीत नसलेल्या माणसाने टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री आणि कंबरलँडवरचा फोर्ट डोनेल्सन घेतला आणि दक्षिणेच्या पोटात शिरायला दोन रस्ते उघडे झाले. एप्रिलमध्ये शायलोला दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून 23,000 च्या वर मेले, जखमी किंवा बेपत्ता. मग व्हिक्सबर्ग, इथे मात्र वेळ काढा. मिसिसिपीच्या वळणावर उंच कड्यावर गाव, वर तोफा, उत्तरेकडून दलदल. ग्रँटने हिवाळाभर कालवे खणून बघितले, काही जमलं नाही. शेवटी 16 एप्रिल 1863 च्या रात्री पोर्टरची जहाजं कड्याखालून तोफा झेलत खाली गेली, सैन्य पलीकडच्या काठाने चालत खाली उतरलं, त्याच जहाजांतून नदी ओलांडली आणि गावावर मागच्या बाजूने आलं. 47 दिवस वेढा, लोक डोंगरात गुहा खणून राहिले. 4 जुलैला गाव शरण. काही दिवसांत पोर्ट हडसनही पडलं आणि सुतळी वरपासून खालपर्यंत उत्तरेची झाली, टेक्सास-आर्कान्सा तुटून पलीकडे.

पूर्वेकडच्या लढाया मी मुद्दाम थोडक्यात उरकतो, कारण त्या 160 किलोमीटरच्या पट्ट्यात तीन वर्षं दोन्ही सैन्यं मागेपुढे करत राहिली. दक्षिणेचा ली हुशार सेनापती, वाद नाही, फ्रेडरिक्सबर्ग, चॅन्सेलर्सव्हिल जिंकला, पण उत्तरेत शिरला तेव्हा दोन्ही वेळा परत जावं लागलं, सप्टेंबर 1862 ला अँटिएटमहून आणि जुलै 1863 ला गेटिसबर्गहून. बस्स, एवढं पुरे.

आता राजकारणाची पट्टी, आणि खरी मजा इथे आहे. अँटिएटम 17 सप्टेंबर, आणि पाचच दिवसांनी, 22 ला, लिंकनचा गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा. आधीपासून तयार होता, विजयाची वाट बघत खणात पडला होता. 1 जानेवारी 1863 ला तो लागू झाला, बंडखोर भागापुरता, ती निष्ठावान चार राज्यं वगळून. त्यानंतर इंग्लंडला दक्षिणेची उघड बाजू घेणं अवघड झालं आणि उत्तरेच्या सैन्यात शेवटी 1,80,000 च्या आसपास काळे सैनिक आले. दक्षिणेतलं राजकारणही लिहा, ते सगळे विसरतात: राज्यांच्या हक्कांची भाषा करणाऱ्या डेव्हिसने एप्रिल 1862 मध्ये सक्तीची भरती आणली, तर जॉर्जियाचा गव्हर्नर ब्राउन त्याच हक्कांची भाषा करत त्याला आडवा गेला. वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्याला भरतीतून सूट, त्यावर गरीब शेतकरी चिडले. नोटांना किंमत राहिली नाही, एप्रिल 1863 ला रिचमंडमध्ये बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली.

आणि ऑगस्ट 1864. ग्रँट रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गच्या खंदकात अडकलेला, मेलेल्यांच्या याद्या रोज पेपरात, नोव्हेंबरला निवडणूक. 23 ऑगस्टला लिंकनने एका कागदावर लिहिलं की हे सरकार पुन्हा निवडून येईल असं दिसत नाही, कागद दुमडला आणि मंत्र्यांच्या न वाचताच पाठीमागे सह्या घेतल्या. दहा दिवसांत, 2 सप्टेंबरला, उत्तरेच्या शर्मनने दक्षिणेतलं अटलांटा घेतलं. निवडणुकीत लिंकनला 212 निर्वाचक मतं, विरोधातल्या मॅक्लेलनला 21. म्हणून सांगतो, दोन पट्ट्या शेजारी ठेवा, एकटी लढाई वाचून हे कळणारच नाही.

आपल्याकडचा एक कोपरा राखून ठेवा. तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस लागला, मुंबईत पैशाचा पूर आला, कापसाचा दलाल प्रेमचंद रायचंद आणि बॅकबेच्या (समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या) शेअरचा सट्टा त्याच दिवसांतला, युद्ध संपलं आणि 1865 च्या जुलैपर्यंत सगळं कोसळलं. उत्तर कानडा 1862 ला मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, धारवाडचा कापूस कारवारच्या बंदरातून काढायचा म्हणून केवढी खटपट चालली होती. दक्षिणेची अलाबामा ही युद्धनौका तर उत्तरेची व्यापारी जहाजं जाळत जानेवारी 1864 मध्ये मलबार किनाऱ्यापर्यंत आली होती. आणि जोतिबांनी 1873 ला ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच.

शेवट भराभर होतो. डिसेंबर 1864 ला शर्मन समुद्राला पोचला, सव्हानाची बी उचला, फेब्रुवारीत चार्ल्सटन आणि विल्मिंग्टन, मोबीलचा उपसागर आधीच ऑगस्टमध्ये बंद झाला होता, शहर एप्रिलमध्ये गेलं. 31 जानेवारी 1865 ला गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात पास. 9 एप्रिलला ली अ‍ॅपोमॅटॉक्सला शरण आला, 14 ला लिंकनला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. इथे बरेच जण वही मिटतात, तुम्ही मिटू नका, गॅल्व्हस्टनची बी अजून कागदावर आहे. ती जूनमध्ये उचलायची, आणि 19 जूनला तिथे जनरल ग्रेंजरने टेक्सासमधल्या गुलामांना ते मोकळे असल्याचा हुकूम जाहीर केला, जाहीरनामा लागू होऊन अडीच वर्षं झाल्यावर. घटनादुरुस्तीला राज्यांची मंजुरी पुरी झाली ती डिसेंबर 1865 ला. पुढचं पुनर्रचनेचं, म्हणजे दक्षिणेतली राज्यं परत देशात जुळवून घेण्याचं, प्रकरण 1877 पर्यंत चालतं, त्यात बंदरं नाहीत, सगळी विधानसभा, कोर्ट आणि मतपेटीची भांडणं, त्यामुळे ते याच कागदावर कोंबू नका, वेगळा घ्या.