पुण्यातला फ्लॅट विकला जात नसेल, तर अडतंय कुठे ते असं शोधा

फ्लॅट विकायला काढून तीन-चार महिने झाले आणि व्यवहार जमत नाही म्हटलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "पाच लाख कमी करा." कधीकधी तो बरोबरही असतो. पण भाव उतरवण्याआधी वहीत चार आकडे लिहून काढा. फोन किती आले, त्यांतले किती जण घर पाहायला आले, किती जणांनी भाव बोलून दाखवला आणि ठरल्यावर किती जण मागे फिरले.

फोनच येत नसतील तर दोष भावात किंवा जाहिरातीत आहे. माणसं पाहून जातात आणि पुन्हा बोलत नाहीत, तर घरात किंवा सोसायटीत काहीतरी खटकतंय. आणि सगळं ठरून, टोकन घेऊन मग फिसकटत असेल, तर कागद तपासा. यातला शेवटचा प्रकार सर्वांत महागात पडतो. त्यात दोन-दोन महिने जातात आणि तेवढ्यात बाकीचे ग्राहकही हातचे जातात.

भाव: शेजाऱ्यानं सांगितलेला नव्हे, नोंदवलेला

सोसायटीत "वरच्या मजल्यावरचा पंच्याण्णवला गेला" असं कुणीतरी सांगतं आणि आपण अठ्ठ्याण्णव लावतो. पंच्याण्णव ही बहुतेक वेळा मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. मिळालेली किंमत पाहायची सोय सरकारनंच केली आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जा, वर्ष आणि गाव निवडा आणि तुमच्या इंडेक्स टूवर (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश देणाऱ्या सरकारी उताऱ्यावर) जो सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर आहे तोच टाका. त्या मिळकतीवरचे नोंदवलेले दस्त दिसतात, आणि प्रत्येकाच्या इंडेक्स टूवर मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि तारीख असते. गेल्या वर्षभरातले तुमच्या इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले चार-पाच व्यवहार काढा आणि चौरस फुटाचा दर मांडा.

इथे एक चूक नेहमी होते. जुन्या करारांत बिल्टअप (बाहेरच्या भिंतींसकट) किंवा सेलेबल (जिना-लॉबीच्या वाट्यासकट) क्षेत्र असतं, नव्यांत कार्पेट, म्हणजे आतली वापराची जागा, तेही चौरस मीटरमध्ये. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ६० चौरस मीटर कार्पेट सुमारे ६४६ चौरस फूट होतं. सगळे आकडे कार्पेटवर आणल्याशिवाय तुलना करू नका. रेरा या गृहप्रकल्प कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत.

मिळालेल्या दरावर साधारण पाच टक्के बोलणीसाठी ठेवा, त्याहून जास्त नको. आपल्याकडे घासाघीस होतेच, पण दहा-बारा टक्के जास्त लावलेलं घर ग्राहकाच्या शोधातच येत नाही. "७५ ते ८० लाख" अशी मर्यादा टाकून शोधणाऱ्याला तुमचं ८८ लाखांचं घर दिसणारच नाही, मग तुम्ही ७९ ला द्यायला तयार असलात तरी.

रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा आकडाही पाहून ठेवा. विक्रीची किंमत त्याहून कमी असेल तर मुद्रांक शुल्क वरच्या आकड्यावरच लागतं. फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर आयकर खातं तुम्हालाही विचारतं आणि घेणाऱ्यालाही.

घेणाऱ्याच्या खिशाचा हिशेब तुम्ही आधी करा

८० लाखांचं घर घ्यायला ८० लाखांचं कर्ज मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख. पदरचे १६ लाख हवेत. त्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो उपकर मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. एकूण २१ लाख ९० हजार रोकड लागते, दलाली आणि रंगरंगोटी वेगळी.

आता बँकेच्या व्हॅल्युअरनं, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्यानं, घराची किंमत ७२ लाखच धरली, तर कर्ज ५७ लाख ६० हजारांवर येतं आणि घेणाऱ्याला आणखी ६ लाख ४० हजार उभे करावे लागतात. ठरलेले व्यवहार मोडण्यामागे हे कारण फार वेळा असतं, आणि विकणाऱ्याला वाटतं ग्राहकाचं मन बदललं. म्हणून टोकन घेण्याआधी घेणाऱ्याला कर्जाचं मंजुरीपत्र मागा, आणि ज्या बँकेनं तुमच्या इमारतीत नुकतंच कर्ज दिलं आहे तिचं नाव सुचवा. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ८० लाखांवर ८० हजार वाचतात. हे बऱ्याच कुटुंबांच्या लक्षात नसतं, तेव्हा आपणहून सांगा.

जाहिरात

एकच घर पाच दलालांकडे पाच वेगळ्या किमतींना पडलेलं असलं, की ग्राहक सर्वांत कमी आकडा धरून बोलतो आणि मनात शंका ठेवतो ती वेगळीच. दोन दलाल पुरेत, दोघांकडे आकडा एकच. पुण्यात दलाली साधारण १ ते २ टक्के चालते; ती आधीच लेखी ठरवा.

फोटो सकाळच्या उजेडात, सगळे पडदे उघडून, मोबाइल आडवा धरून खोलीच्या कोपऱ्यातून काढा. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनीतून दिसणारं दृश्य आणि पार्किंग एवढे हवेतच. मजकुरात कार्पेट क्षेत्र, मजला, एकूण मजले, लिफ्ट, पार्किंगचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, मासिक मेंटेनन्स आणि मुख्य दरवाजाची दिशा लिहा. दक्षिणमुखी दार असेल तरी लिहा. ज्यांना वास्तू पाहायची ते आल्यावर पाहणारच, आणि लपवलेली दिशा दारात उभं राहिल्यावर कळली की बाकीचं घर ते पाहतच नाहीत.

पाहून जातात, पण फोन करत नाहीत

पुण्यात याचं पहिलं कारण ओल. भिंतीवरचा पापुद्रा, लोणा, कपाटामागचा कुबट वास. हे पाहिल्यावर ग्राहकाच्या डोक्यात घराची किंमत तिथल्या तिथे दोन-तीन लाखांनी उतरते, मग दुरुस्तीचा खरा खर्च तीस हजार का असेना. आणि नेमकी इथेच सर्वांत मोठी चूक होते: ओलीवर पुट्टी आणि रंग मारला जातो. तो पुढचा पावसाळा काढत नाही, कित्येकदा महिनाभरही टिकत नाही, कारण आतलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं आणि रंगाला ढकलतं.

आधी पाणी येतंय कुठून ते ठरवा. बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्याशी ओल असेल तर बाहेरच्या गिलाव्यात चीर आहे किंवा खिडकीच्या खालच्या दगडाचा उतार आत झाला आहे. भिंतीच्या तळाशी, स्कर्टिंगच्या वर हातभर ओल असून पलीकडे बाथरूम असेल, तर फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाच्या) कडेनं पाणी झिरपतंय. हे तपासायला ट्रॅप कापडानं घट्ट बंद करा, फरशीवर एक-दोन इंच पाणी साठवा, पातळीची खूण करा आणि २४ तासांनी पाहा. छताला गोल डाग असेल तर वरच्या फ्लॅटचं बाथरूम. गच्चीतून, पावसाच्या पाण्यानं किंवा सामाईक पाइपातून येणारी गळती आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीनं दुरुस्त करायची असते, तेव्हा तिला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुरुस्ती बाहेरून आत करायची. बाहेरची चीर आधी भरा. मग आतला फुगलेला गिलावा डागाच्या कडेपासून फूटभर पुढेपर्यंत खरवडून वीट उघडी करा आणि पूर्ण सुकू द्या. वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेला नवा गिलावा करा, सात दिवस पाणी मारा आणि त्यानंतर महिनाभर थांबून मगच पुट्टी. घाई केली तर सगळे पैसे पाण्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा यासाठी उत्तम काळ. ग्राहकाला झालेलं काम सांगा, बिल दाखवा. दुरुस्त केलेली ओल कुणाला अडवत नाही, लपवलेली अडवते.

बाकी गोष्टी स्वस्तात होतात. डक्टमधली आणि ड्राय बाल्कनीतली कबुतरांची घाण काढून जाळी लावा, गळणारे नळ बदला, ओट्याखालच्या ट्रॉल्या तेलकट राहू देऊ नका, सगळे बल्ब एकसारखे आणि पुरेशा उजेडाचे लावा. लाखो रुपयांचं नवं फर्निचर मात्र करू नका. त्याचे पैसे परत येत नाहीत, घेणाऱ्याची आवड वेगळी असते.

पाण्याबद्दल प्रश्न येणारच. बाणेर-बालेवाडी, उंड्री-पिसोळी, वाघोली या बाजूंना घर असेल तर पहिल्या पाच मिनिटांत येतो. गेल्या बारा महिन्यांची मेंटेनन्सची बिलं आणि टँकरवर झालेला खर्च सोसायटीच्या सचिवांकडून घेऊन ठेवा. "टँकर कधीतरी लागतो" यापेक्षा "मार्च ते जून लागतो, फ्लॅटमागे महिना इतके रुपये" हे उत्तर जास्त विश्वासाचं.

भाडेकरू असेल तर शनिवार-रविवारच्या ठरलेल्या वेळा त्यांच्याशी बोलून घ्या, आणि लिव्ह अँड लायसन्स करारातली (भाडेकरारातली) नोटिशीची मुदत तपासा. स्वतः राहायला घेणारा माणूस ताब्याची तारीख पक्की नसेल तर थांबत नाही.

कागद: जाहिरातीच्या आधीच फाइल लावा

फाइलमध्ये पहिल्या खरेदीपासून तुमच्यापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार क्रमानं हवेत, प्रत्येकाचा इंडेक्स टू आणि नोंदणी पावतीसकट. मधला एक जरी हरवला तरी घेणाऱ्याची बँक तिथेच थांबते. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. मूळ दस्तच हरवला असेल तर पोलिसांकडे नोंद आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस लागते. हे काम ग्राहक मिळण्याआधी उरका.

पुण्यात एक गोष्ट विशेष पाहावी लागते. इथल्या अनेक इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावे करून देणारा नोंदणीकृत दस्त. ते करायचं राहून गेलं असेल तर बिल्डर हयात आणि सापडण्याजोगा आहे तोवर करून घ्या.

भोगवटा पत्र, ज्याला सगळे कम्प्लिशन म्हणतात, ते तुमच्याच विंगचं आणि मजल्याचं आहे ना ते वाचून पाहा. काही इमारतींना पार्ट कम्प्लिशन मिळालेलं असतं. प्रत नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा; ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बंद केलेली बाल्कनी, खोलीत घेतलेली टेरेस मंजूर नकाशात नसेल तर व्हॅल्युअर ते क्षेत्र धरत नाही. त्या जागेचे पैसे भावात लावू नका. गुंठेवारीतलं, म्हणजे विनापरवाना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं घर असेल आणि बांधकाम ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं असेल, तर नियमितीकरण होईल का ते पाहा. त्याशिवाय बहुतेक बँका कर्ज देत नाहीत आणि फक्त रोकड असलेला ग्राहक उरतो.

घर आईवडिलांच्या नावावर होतं आणि ते गेले, तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांनी सही करावी, किंवा बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. अमेरिकेतल्या भावाची सही हवी असेल तर तिथे केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. या कामाला वेळ लागतो आणि तो मधेच काढता येत नाही, म्हणून हे पहिलं काम.

पार्किंगचं वाटपपत्र शोधा. उघडं पार्किंग वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. ज्याचा कागद नाही ते "स्वतःचं पार्किंग" म्हणून सांगू नका. सोसायटीच्या ना हरकतीची कायद्याला गरज नसली तरी बँक मागतेच, तेव्हा थकबाकी भरून ते पत्र तयार ठेवा. हस्तांतरणाचं अधिमूल्य (सोसायटीची ट्रान्सफरची रक्कम) महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. मिळकत कराची पावती अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर इंडेक्स टू जोडून नाव बदलून घ्या, आणि महावितरणच्या बिलावरचंही.

तुमचंच कर्ज चालू असेल तर घाबरण्याचं कारण नाही. बँकेकडून थकीत रकमेचं पत्र आणि तिच्याकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. घेणाऱ्याची बँक पहिला चेक तुमच्या बँकेच्या नावानं काढते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. ही मुदत साठेखतातल्या (अंतिम खरेदीखताआधीच्या विक्री करारातल्या) तारखांमध्ये धरा.

टोकन आणि तारखा

टोकन बँकेतूनच घ्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेतली तर तेवढाच दंड लागू शकतो. विसार पावतीवर (टोकनच्या पावतीवर) किंमत, साठेखताची तारीख, कर्ज नामंजूर झालं तर टोकनचं काय, आणि घरात राहणाऱ्या वस्तूंची यादी लिहा. पंखे, गीझर, इन्व्हर्टर यांवरून वाद होतात. व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (तुमच्या नावे भरायचा आयकर) कापणार. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर तो २० टक्के कापावा लागतो, म्हणून ते आजच तपासा. मालक परदेशात राहत असेल तर कपात बरीच मोठी असते. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला साठेखताच्या आधी मिळवा.

पितृपक्षात टोकन येत नाही, त्यासाठी भाव पाडू नका. तो पंधरवडा फाइल लावायला, सोसायटीचं पत्र आणायला आणि फोटो काढायला वापरा. घटस्थापनेपासून लोक पुन्हा घरं पाहू लागतात आणि दसऱ्याला टोकन द्यायची बऱ्याच जणांची इच्छा असते, तेव्हा जाहिरात नवरात्राच्या पहिल्या दिवशी ताज्या फोटोंसह वर असली पाहिजे.