नेट नसताना विंडोज आणि व्हर्चुअलबॉक्समधला उबुंटू कसा जोडायचा

गणपतीला गावी गेलो तेव्हाचं आहे हे. लॅपटॉपवर विंडोज, आत व्हर्चुअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू, म्हणजे लिनक्स, घरी सगळं मस्त चालायचं आणि गावी राउटर नाही, रेंज नाही, तर उबुंटूमधली साइट विंडोजच्या ब्राउझरमध्ये उघडेचना. एकाच लॅपटॉपात राहून दोघांची बोलाचाली बंद! झालं असं की मी ब्रिज्ड अडॅप्टर लावून ठेवलेला, त्यात उबुंटूला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) घरचा राउटर देतो, राउटरच नाही म्हटल्यावर आयपी कुठून येणार.

यावर उपाय होस्ट-ओन्ली अडॅप्टर, म्हणजे लॅपटॉपच्या आतच विंडोज आणि उबुंटूची थेट जोडणी. याला राउटर, वायफाय काही लागत नाही. इंटरनल नेटवर्क मात्र चुकूनही निवडू नका, त्यात फक्त गेस्ट-गेस्ट (व्हर्चुअलबॉक्समधल्या सिस्टिम) आपसात बोलतात, विंडोज बाहेरच राहतं.

आधी उबुंटू पूर्ण शटडाउन करा (सेव्ह स्टेट चालत नाही, नवीन अडॅप्टरचा टिकबॉक्स ग्रे दिसतो). मग व्हर्चुअलबॉक्समध्ये उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, अडॅप्टर २ चालू करून होस्ट-ओन्ली निवडा. अडॅप्टर १ ब्रिज्डवरून नॅटवर (विंडोजच्याच नेटवरून बाहेर जाणारा) करून ठेवा, नेट आलं की तो लागेल. व्हर्चुअलबॉक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये डीएचसीपी सर्व्हर (आपोआप आयपी वाटणारा) चालू आहे ना तेवढं बघून घ्या. डिफॉल्टला विंडोजचा पत्ता १९२.१६८.५६.१ असतो आणि उबुंटूला साधारण १९२.१६८.५६.१०१ वगैरे मिळतो. नाहीच मिळाला तर उबुंटूच्या आतल्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये या अडॅप्टरचा आयपी मॅन्युअल करून १९२.१६८.५६.१० टाका, नेटमास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे कोराच ठेवा. गेटवे भरलात तर नंतर नेट असूनही उबुंटू भलत्याच रस्त्याने बाहेर जायला बघेल आणि तुम्ही वायफायला शिव्या घालत बसाल.

आता पिंग, म्हणजे समोरची सिस्टिम उत्तर देते का ते बघणं. विंडोजवरून उबुंटूला पिंग जातो पण उलट जात नाही, इथे माझा अख्खा तास गेला, परत परत अडॅप्टर काढतोय, लावतोय. अडॅप्टर बरोबरच होता, विंडोजचं फायरवॉल या नेटवर्कला पब्लिक समजतं आणि पिंग अडवतं. फायरवॉलच्या इनबाउंड रूल्समध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगचा आयसीएमपी व्ही ४ वाला एको रिक्वेस्ट रूल चालू करा, पब्लिक प्रोफाइलवाला. अख्खं फायरवॉल बंद करायची काही गरज नाही.

आणि साइट तरीही दिसत नसेल तर सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकतोय का बघा. तसं असेल तर तो फक्त उबुंटूच्या आतच दिसणार. ०.०.०.० वर (म्हणजे सगळ्या पत्त्यांवर) चालवा आणि विंडोजच्या ब्राउझरमध्ये उबुंटूचा आयपी, कोलन, पोर्ट टाका.

फाइली न्यायच्या असतील तर एसएसएच (दुसऱ्या सिस्टिमवर सुरक्षितपणे पोचायची सोय) बेस्ट, फक्त ओपनएसएसएच सर्व्हर नेट असतानाच टाकून ठेवा, गावी गेल्यावर आठवून उपयोग नाही. विसरलातच तर पायथन उबुंटू डेस्कटॉपमध्ये असतोच, त्याचा एचटीटीपी सर्व्हर ८००० पोर्टवर चालू करून विंडोजच्या ब्राउझरमधून फाइली उतरवता येतात, मी शेवटी तेच केलं.