कॅनडाला कायमचे निघण्याआधी: आम्ही विसरलेली यादी आणि बाकीची तयारी

2017 च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघे आठ बॅगा घेऊन टोरोंटोला उतरलो. ‘मागाहून आणखी काही सामान येणार आहे का?’ असे कस्टम्सच्या अधिकाऱ्याने विचारले, तेव्हा धाकटी माझ्या खांद्यावर झोपली होती, थोरल्याला भूक लागली होती, आणि माझ्या यजमानांनी ‘नाही’ म्हणून टाकले. ते ‘नाही’ आम्हाला पाच वर्षांनी चांगलेच महागात पडले. आता माझी भाची पुण्याहून त्याच वाटेने निघाली आहे आणि तिच्यासाठी केलेली तयारीची यादी इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहीत आहे. पासपोर्ट, तिकीट आणि कायम निवासाच्या मंजुरीचे पत्र यांबद्दल काही सांगत नाही. ते कोणी विसरत नाही.

पहिले काम म्हणजे सामानाची यादी, आणि ती तिकीट काढण्याच्याही आधी सुरू करावी. कॅनडात प्रथमच स्थायिक होण्यासाठी येणाऱ्या माणसाला आपले वापरातले घरगुती आणि वैयक्तिक सामान शुल्क न भरता आणता येते. मात्र उतरल्या दिवशीच त्याला कस्टम्सकडे दोन याद्या द्याव्या लागतात. एक सोबत आणलेल्या वस्तूंची आणि दुसरी मागाहून येणाऱ्या वस्तूंची. प्रत्येक वस्तूपुढे तिची अंदाजे किंमत लिहायची असते, आणि जिथे लागू असेल तिथे कंपनीचे नाव, मॉडेल व अनुक्रमांकही. या दुसऱ्या यादीतले सामान पुढे केव्हाही आणता येते, त्याला मुदत नाही. पण यादीत जे नाही, ते नंतर आणले की त्यावर कर लागू शकतो. सोबत काहीही नसले, दोन जोडी कपडे घेऊन उतरलात, तरी दुसरी यादी द्यायचीच आहे. ‘सध्या काही आणत नाही, मग यादी कशाला’ हाच विचार आम्ही केला होता आणि तोच चुकीचा होता.

आपल्याकडच्या कुटुंबांत ही चूक नेमकी सोन्याच्या बाबतीत होते. लग्नातले दागिने कोणी पहिल्याच फेरीत परदेशी नेत नाही. ते बँकेच्या लॉकरमध्ये राहतात, आणि डोळ्यांसमोर नसल्यामुळे ते ‘सामान’ आहे हे लक्षातच येत नाही. माझ्या पाटल्या, तोडे, ठुशी, मोहनमाळ आणि सासूबाईंनी लग्नात घातलेला चपलाहार असे सगळे लॉकरमध्ये होते आणि यादीत त्यांतले एकही नव्हते. 2022 साली दिराच्या लग्नाहून परतताना ते सोबत आणले, प्रामाणिकपणे दाखवले आणि त्यावरचा कर निमूटपणे भरला. त्या रकमेत पुन्हा एकदा पुण्याला जाऊन येता आले असते. दोष कोणाचाच नव्हता. नियम लिहिलेला होता, आम्ही तो वाचला नव्हता.

म्हणून लॉकर उघडावा, प्रत्येक दागिना पांढऱ्या कापडावर ठेवून त्याचा स्वतंत्र फोटो काढावा, आणि सराफाकडून वजन, कॅरट व किंमत लिहिलेले मूल्यांकनाचे पत्र घ्यावे. फोटोच्या मागे सराफाची सही आणि तारीख घ्यावी. यादीत नुसते ‘ठुशी’ लिहून भागत नाही, कारण समोरच्या अधिकाऱ्याला ठुशी आणि लक्ष्मीहार यांतला फरक कळण्याचे कारण नाही. मूल्यांकनातले इंग्रजी वर्णन शब्दशः उतरवावे आणि वजन तोळ्यांत नव्हे, ग्रॅममध्ये द्यावे. आणखी एक बारीक पण महत्त्वाची अट अशी की, यादीतली वस्तू कॅनडात उतरण्यापूर्वी आपल्या मालकीची, आपल्या ताब्यात आणि आपल्या वापरात असलेली हवी. आईच्या बांगड्या पुढे कधीतरी मला मिळणार आहेत, एवढ्यावर त्या यादीत घालता येत नाहीत. आई देणारच असेल तर निघण्याआधी द्यावी. सोन्यापाठोपाठ चांदीची पूजेची भांडी, पैठण्या, तानपुरा किंवा पेटी, पुस्तके आणि आजीचे तांब्याचे घंगाळसुद्धा लिहून काढावे. न आणलेल्या वस्तूचा दंड होत नाही, न लिहिलेल्या वस्तूचा भुर्दंड पडतो. एक मात्र ध्यानात ठेवावे: असे आणलेले सामान पहिल्या वर्षाच्या आत विकले किंवा कोणाला दिले तर त्यावरचे शुल्क भरावे लागते.

यानंतर नावांचा घोळ. महाराष्ट्रात लग्नानंतर बाईचे आडनावच नव्हे, मधले नावही बदलते, त्यामुळे पदवीच्या प्रमाणपत्रावर एक व्यक्ती आणि पासपोर्टवर दुसरीच दिसते. या दोघी एकच आहेत हे सिद्ध करणारा पक्का सांधा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका आणि कार्यालयातले फोटो यांनी ते काम होत नाही. नोंदणी केली नसेल तर आधी ती करावी. जुन्या जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिलेला असतो, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. तो महापालिकेतून भरून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा आजच काढून पाहावा. केवळ मराठीत असलेल्या कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

मुदतींकडे लक्ष न दिल्यामुळे अनेकांचे अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत. एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर आधारित कायम निवासाच्या अर्जपद्धतीतून, जाणाऱ्यांसाठी इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे चालतो, पदवीचे मूल्यमापन पाच वर्षे, वैद्यकीय तपासणी बारा महिने. आणि अर्जाचे आमंत्रण आल्यावर हातात फक्त 60 दिवस असतात. विद्यापीठातून गुणपत्रकांच्या प्रती मिळवायला किती काळ लागेल हे विद्यापीठालाही ठाऊक नसते, म्हणून ते काम सर्वांत आधी सुरू करावे. गेल्या दहा वर्षांत दुबईला किंवा अन्यत्र सलग सहा महिने राहणे झाले असेल, तर तिथल्या पोलिसांचाही दाखला हवा. बँकेच्या पत्रात केवळ आजची शिल्लक पुरत नाही. खाते उघडल्याची तारीख, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि डोक्यावरचे कर्ज हेही त्यात असावे लागते. मंजुरीच्या पत्रावरची शेवटची तारीख ही खरोखरच शेवटची असते. ती उलटून गेली तर कोणी वाढवून देत नाही, मग घरात कोणाचेही लग्न असो.

पैशांबाबत थोडक्यात. अनिवासी झाल्यावर इथले साधे बचत खाते एनआरओ (अनिवासींचे रुपयांतले खाते) करून घ्यावे लागते. चालू असलेले पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येते, नवे उघडता येत नाही. घर किंवा जमीन असेल तर विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे, आणि लॉकर एकट्याच्या नावावर ठेवू नये. लॉकरचा विषय निघालाच आहे, तर पुन्हा विचारते: त्यातले दागिने यादीत लिहिले का?

गाडी चालवणाऱ्यांनी आरटीओकडून परवान्याचा तपशील देणारे अधिकृत पत्र घेऊन ठेवावे. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत आपला परवाना उतरल्यापासून 60 दिवस चालतो, पुढे तिथली परीक्षा द्यावी लागते. आणि आपल्याकडच्या अनुभवाचा पूर्ण लाभ घेऊन थेट शेवटची परीक्षा द्यायची असेल तर हे पत्र लागते. तिथे गेल्यावर ते पुण्याहून मागवणे म्हणजे भावाला चार चकरा मारायला लावणे आहे.

मिक्सर नेऊ नये. तिथली वीज 120 व्होल्टची आहे, आपला मिक्सर 230 व्होल्टवर चालतो. कुकर न्यावा. थंडीचे जाड कोट इथून नेऊ नयेत, ते तिथे गेल्यावर तिथल्या हवेला साजेसे घ्यावेत. खाण्याचे पदार्थ कमी न्यावेत आणि जे असतील ते जाहीर करावेत; मेतकुटासाठी वाद घालण्याची ती जागा नव्हे. मुलांच्या लसीकरणाची नोंद इंग्रजीत हवी, शाळा ती मागते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जाणार असाल तर उतरल्याचा चालू महिना आणि पुढचे दोन महिने सरकारी आरोग्य विमा नसतो, तेवढ्या काळाचा खाजगी विमा घ्यावा. दात मात्र इथेच दाखवून जावे.

शेवटच्या आठवड्यात काही होत नाही, फक्त पाहुणे येतात. जवळ 10,000 कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक असतील तर तसे कस्टम्सला सांगावे. कायम निवासाचे कार्ड पोस्टाने येते, त्यासाठी 180 दिवसांच्या आत तिथला पत्ता कळवावा. नोकरीसाठी आणि सरकारी कामांसाठी लागणारा सिन क्रमांक पहिल्या आठवड्यात घ्यावा.

आणि ती यादी. तिच्या दोन प्रती, फोटो आणि मूल्यांकनाची पत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत, बॅगेत नव्हे. अधिकाऱ्याने विचारले नाही तरी आपण होऊन पुढे करावी, आणि शिक्का मारून परत मिळालेली प्रत मंजुरीच्या पत्रासोबत त्याच फाइलमध्ये ठेवावी. लहान मूल दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावे.