घरात लॅपटॉप एक, माणसं चार: उबंटूवर कोणाला किती मुभा द्यायची?

जुन्या लॅपटॉपवर हौसेनं उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली) टाकलं, की पहिले काही महिने सगळं घर एकाच खात्यातून काम करतं. पासवर्ड सगळ्यांना पाठ. आमच्याकडेही तसंच होतं. मग एका रविवारी मुलानं गेमसाठी जागा करताना माझ्या आईच्या हयातीच्या दाखल्याचं स्कॅन असलेलं फोल्डर कचऱ्यात टाकलं आणि कचराही रिकामा केला. त्या संध्याकाळी मी खाती वेगळी केली. खालची कृती उबंटू २४.०४ ची आहे.

सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'युजर्स' उघडा. वरचं 'अनलॉक' दाबून तुमचा पासवर्ड द्या, मग 'अ‍ॅड युजर'. तिथे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाचं बटण दिसेल, ते बंदच ठेवा. उबंटू बसवताना तयार झालेलं पहिलं खातं अ‍ॅडमिनचं, म्हणजे सिस्टिम बदलायचे अधिकार असलेलं, असतं आणि घराला तेवढं पुरतं. युजरनेम नीट विचार करून द्या, कारण होम फोल्डरला, म्हणजे त्या खात्याच्या फाइली ठेवायच्या फोल्डरला, तेच नाव पडतं आणि नंतर बदलणं कटकटीचं असतं. 'ऑटोमॅटिक लॉगिन' चालू असेल तर बंद करा, नाहीतर लॅपटॉप सुरू करणारा प्रत्येक जण थेट तुमच्या खात्यात शिरेल.

साध्या खात्यातून सिस्टिममध्ये काही बदलायला गेलं, की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी येते. तो स्वतः उठून टाइप करायचा, स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचा नाही. आणखी एक अ‍ॅडमिन खातं मात्र करून ठेवा. घराची दुसरी किल्ली शेजारी ठेवतो तसं. ते का, हे पुढे येईलच.

आता टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडा. हुकूम इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना रोमन लहान लिपी वापरा आणि शब्दांमध्ये एक जागा सोडा. 'एलएस -एल /होम' असं विचारलं, की प्रत्येक खात्यापुढे दहा चिन्हांची माळ दिसते. पहिलं 'डी' म्हणजे फोल्डर. पुढे तीन-तीनच्या तीन जुड्या: मालक, गट आणि बाकीचे. 'आर' म्हणजे वाचणं, किंमत ४. 'डब्ल्यू' म्हणजे लिहिणं, २. 'एक्स' म्हणजे चालवणं, १. म्हणून ७५० चा अर्थ मालकाला सगळं, गटाला वाचणं आणि आत येणं, बाकीच्यांना काहीच नाही. उबंटू २१.०४ पासून नव्या खात्यांचं होम असंच बंद असतं. पण त्याआधीच्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आला असाल, तर जुनी होम फोल्डरं ७५५ वरच राहिलेली असू शकतात, म्हणजे कोणीही डोकावून पाहावं अशी. 'सुडो सीएचमॉड ७५० /होम/आई' इतक्यानं दार लागतं. 'सुडो' म्हणजे पुढचा हुकूम अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालवणं, आणि 'सीएचमॉड' म्हणजे मुभा बदलणं.

इथे दोन गोष्टी भल्याभल्यांना चकवतात. फोल्डरवरचा 'एक्स' म्हणजे उंबरठा ओलांडायची परवानगी. 'आर' असून 'एक्स' नसेल तर आतली नावं वाचता येतात, फाइल उघडत नाही. दुसरी जास्त घातक. फाइल उडवता येते की नाही, हे फाइल नाही, तिचं फोल्डर ठरवतं. फाइल 'फक्त वाचण्यासाठी' करून निर्धास्त झालात, तरी फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा असलेला माणूस ती आरामात पुसू शकतो.

म्हणून लग्नाचे, सहलीचे सगळ्यांचे फोटो ठेवायला एक सामाईक फोल्डर करू:

सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/घर
सुडो अ‍ॅडग्रुप घर
सुडो अ‍ॅडयुजर आई घर
सुडो सीएचजीआरपी घर /एसआरव्ही/घर
सुडो सीएचमॉड ३७७० /एसआरव्ही/घर

तिसरा हुकूम घरातल्या प्रत्येकासाठी द्यायचा, स्वतःलाही विसरू नका. शेवटच्या आकड्यातला पहिला ३ हाच खरा कामाचा. त्यातल्या २ मुळे आत तयार होणारी फाइल आपोआप 'घर' गटाची होते, आणि १ मुळे ज्याची फाइल त्यानंच पुसायची. हा १ आतल्या उपफोल्डरांना आपोआप लागत नाही, तिथे पुन्हा द्यावा लागतो. गटाचा बदल चालू सत्रात दिसत नाही, सरळ लॅपटॉप रीस्टार्ट करा.

मग मुलाच्या खात्यात शिरून आजीनं ठेवलेला फोटो पुसायचा प्रयत्न करा. नकार आला पाहिजे. आणि फोटो तिथे खेचून टाकू नका, कॉपी-पेस्ट करा. एकाच डिस्कवर खेचलं की फाइल नुसती जागा बदलते, गट जुनाच राहतो. मग बाकीच्यांना ती दिसते, पण बदलता येत नाही, आणि 'तुझं लिनक्स बिघडलंय' हे ऐकावं लागतं.

गटात घालायला नेटवर बहुतेक ठिकाणी 'यूजरमॉड -एजी' (यातला 'जी' मात्र मोठ्या लिपीत) सांगतात. त्यातला छोटा 'ए' मी एकदा विसरलो. झालं, माझं खातं बाकी सगळ्या गटांतून बाहेर, त्यात सुडो वापरू देणारा 'सुडो' गटही आला. पुढच्या लॉगिनला घरचा अ‍ॅडमिनच बिनखात्याचा मंत्री. दुसरं अ‍ॅडमिन खातं असतं तर तिथून 'सुडो अ‍ॅडयुजर' केलं की मिटलं असतं. मला लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून रिकव्हरी मोड आणि त्यात 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी खातं, निवडावं लागलं. तिथे आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' देऊन डिस्क लिहिण्याजोगी केली आणि मग स्वतःला परत गटात घेतलं.

'काही चालत नसेल तर ७७७ करून टाक' हा सल्ला मात्र कानाआड करा. मुळापासून सगळ्या डिस्कवर तो चालवला, तर सुडोला रूटचे अधिकार देणारी खास खूण (बिट) उडते आणि सुडोच बंद पडतं.

रिकव्हरी मोडमध्ये मला पासवर्ड कोणीच विचारला नाही, म्हणजे लॅपटॉप हातात पडलेल्या कोणालाही विचारणार नाही. घरातल्या घरात खाती वेगळी करणं पुरतं. लॅपटॉप प्रवासाला जात असेल तर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क वाचताच येऊ नये अशी व्यवस्था, लागतं, आणि तो पर्याय उबंटू बसवतानाच निवडावा लागतो.