लायनफिशवर पोलस्पिअर घेऊन उतरायच्या आधीची तयारी

ऑगस्टमध्ये न्यू जर्सीहून तिघं येतायत आपल्याकडे फ्लोरिडात, तिघांनाही पाण्याखाली भाल्याने मासा मारायचाय आणि तिघांचा पहिला प्रश्न एकच, कुठला पोलस्पिअर घेऊ. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, हीच यादी समजा. नंबर टाकून लिहायला गेलो होतो पण मला ते जमत नाही, मधेच काहीतरी आठवतं.

आधी ठरवून घ्या की मासा लायनफिशच. हॉगफिश, स्नॅपर वगैरे पहिल्या ट्रिपला डोक्यातून काढून टाका. लायनफिश मूळचा आपल्याच बाजूचा, हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला, इथे तो उपरा आहे. लोक सांगतात की १९९२ च्या अँड्र्यू वादळात कुणाचं तरी अ‍ॅक्वेरियम फुटलं आणि तिथून पसरला, पण डेनिया बीचजवळ तो १९८५ मध्येच दिसला होता, त्यामुळे ती गोष्ट ऐकायला छान एवढंच. इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही आणि तो मात्र रीफवरची (प्रवाळाच्या खडकांवरची) माशांची पिल्लं बकाबका खातो, म्हणून सरकारलाच तो नकोय. साइजची अट नाही, किती मारा त्याला मर्यादा नाही, आणि पोलस्पिअरने फक्त लायनफिशच मारणार असाल तर फिशिंग लायसन्सही लागत नाही. दुसऱ्या एकाही माशावर तोच भाला रोखलात की लायसन्स, साइज, सीझन सगळं लागू. पॅरटफिश, एंजलफिश, सर्जनफिश हे सुंदर सुंदर मासे तर लायसन्स असलं तरी भाल्याने मारता येत नाहीत. लॉब्स्टरचंही तसंच. तुमची ट्रिप ६ ऑगस्टनंतरची आहे म्हणजे लॉब्स्टरचा सीझन उघडलेला असेल, मोह होईल, पण त्याला भोक पडलेलं चालतच नाही, हाताने किंवा जाळीनेच धरायचा असतो. तेव्हा भाला हातात असताना लॉब्स्टरकडे बघायचंसुद्धा नाही.

जागेचंही बघून घ्या. लोकांच्या पोहायच्या बीचपासून किंवा फिशिंग पिअरपासून १०० यार्डांच्या आत भाला चालवता येत नाही, त्यामुळे हॉटेलसमोरून किनाऱ्यावरून उतरू वगैरे प्लॅन करू नका, बोटच बरी. कीजला (फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर) जायचा बेत निघाला तर लाँग कीपासून वर डेड काउंटीच्या हद्दीपर्यंत राज्याच्या पाण्यात भाल्याला बंदी आहे, पेनेकँप पार्कमध्येही नाही. नियम बदलत असतात, निघायच्या आदल्या आठवड्यात राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफच्या साइटवर एकदा बघाच, माझ्या भरवशावर राहू नका.

आता भाला. पोलस्पिअर म्हणजे एक दांडा, पुढे टोक, मागे रबराचा फास, बस. ट्रिगर नाही, मशिनरी नाही. फास अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात अडकवायचा, हात दांड्यावरून पुढे सरकवत रबर ताणायचं, मूठ आवळायची, नेम धरायचा आणि मूठ सोडायची. गलोलच म्हणा ना, फक्त दगडाच्या जागी दांडा. ह्याचा पल्ला फार कमी असतो हे मनात पक्कं बसवा, कारण दुकानातला माणूस तुम्हाला लांबलचक देखणा कार्बनचा दाखवणार आणि तुम्ही भुलणार. मी भुललो होतो. माझा पहिला ७ फुटी, फायबरग्लासचा, दोन तुकड्यांचा. पहिल्याच डाइव्हला मासा कपारीच्या आत बसलेला, मी रबर ताणायला जातो तर मागचं टोक वरच्या दगडावर खट्ट. तिरका झालो, परत ताणलं, दांडा थरथरला, मासा चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्या वेळी मासा आत अंधारात निघून गेला आणि माझी हवा संपत आली, वर येऊन बोटीवर गप्प बसून संत्रं खाल्लं.

त्यामुळे लायनफिशसाठी २ ते ३ फुटी भाला, डोळे मिटून. कपारीत, रेकच्या म्हणजे बुडालेल्या बोटीच्या पत्र्याखाली कुठेही वळवता येतो. ६-७ फुटी हवा उघड्या रीफवर हॉगफिशसाठी, आणि ८-९ फुटी बहामाजसारख्या आरपार दिसणाऱ्या पाण्यात, तिथे तर स्पिअरगनला (ट्रिगरवाल्या भालाबंदुकीला) बंदीच आहे, पोलस्पिअर किंवा हवाईयन स्लिंग (गलोलीसारखा हाताने ताणून सोडायचा भाला) एवढंच चालतं आणि तेही स्कूबा न लावता, म्हणून तिथली मंडळी ह्यात तरबेज. एकच भाला घ्यायचाय आणि पुढे दुसरे मासेही मारायचेत असं असेल तर तुकड्यांचा घ्या, मधला तुकडा काढून आखूड करता येतो, आणि विमानात चेक-इन बॅगेतही मावतो. केबिनमध्ये न्यायचा विचारही नको.

कशाचा घ्यायचा ह्यावर लोक तासन्‌तास भांडतात. फायबरग्लास स्वस्त पण लवचिक, लांब असला तर सोडताना सापासारखा वळवळतो. अ‍ॅल्युमिनियम ताठ आणि हलकं, पण वाकलं की वाकलं. कार्बन सगळ्यात ताठ, खिशाला जड, आणि दगडावर आपटलं तर तडकू शकतं. ३ फुटी भाल्यात हा फरक तुम्हाला जाणवणारच नाही, दोन फुटांवरून मारायचंय, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम घ्या आणि उरलेले पैसे हातमोज्यांवर घाला.

टोकाकडे मात्र नीट लक्ष द्या. एकच अणी आणि बाजूला उघडणारा पंख असलेलं फ्लॉपर टोक पळणाऱ्या माशासाठी, पंख उघडला की मासा सुटत नाही. लायनफिशला तेच नको असतं, कारण तो भाल्यावरून हात न लावता उतरवायचाय. त्याला तीन किंवा चार काट्यांचा झुबका, काटे साधे, सरळ, उलटे दात नसलेले. टोकाचा स्क्रूही तपासा, बरेच ६ मिलिमीटरचे असतात पण सगळे नाही, वेगवेगळ्या कंपनीचा दांडा आणि टोक घेतलंत आणि आटे जुळले नाहीत तर बोटीवर काही करता येत नाही. दुकानातच फिरवून बघा. पाण्यात टोक हळूहळू सैल होतं, प्रत्येक डाइव्हआधी एक पीळ द्यायचा.

रबर. हे सगळेच विसरतात. घरी ताणून उजेडात धरा, बारीक चिरा दिसल्या किंवा हाताला चिकट लागलं तर बदला, फुकट वाद नको. एक जास्तीचं बरोबर ठेवा. ऊन रबराचा शत्रू आहे, गाडीच्या मागच्या काचेखाली भाला ठेवून दिवसभर फिरू नका.

मग सराव. पाण्यात मास्कमधून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, ४ फुटांवरचा मासा ३ फुटांवर वाटतो, म्हणून नवशिक्या माणूस नेहमी लांबूनच मारतो. पहिल्या दिवशी उथळ वाळूत भांडी घासायचा स्पंज शिशाला बांधून तळाला ठेवा, आजूबाजूला माणूस नाही हे बघा, आणि वीस-पंचवीस वेळा मारा. टोक स्पंजपासून वीतभर अंतरावर आणायचं आणि मगच सोडायचं. लांबून लागला तरी तो मोजायचा नाही. रबर पूर्ण ताणायचीही गरज नाही, अर्धं पुरतं, पूर्ण ताणलं तर भाला माशातून आरपार जाऊन मागच्या दगडावर बसतो आणि काटे वाकतात. ताणून धरून फिरू पण नका, मिनिटभरात मुठीला गोळा येतो. मासा दिसला, जवळ गेलात, मग ताणा. बोटीवर रबर कधीही ताणायचं नाही, टोकावर बुचाचं झाकण किंवा फाडलेला टेनिस बॉल, आणि पाण्याबाहेर गंमत म्हणूनही सोडायचा नाही. ह्या बाबतीत माझ्याशी वाद घालणाऱ्याला मी बोटीवर घेत नाही.

डाइव्हिंगचं स्वतःचं स्वतः तपासा. उथळ पाण्यातले लायनफिश बऱ्यापैकी मारून झालेत, आपण ८०-९० फुटांपर्यंत जाणार, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट नसेल तर आत्ताच करा. साध्या हवेवर ९० फुटाला पाडीच्या (डाइव्हिंग शिकवणारी संस्था) टेबलाप्रमाणे २५ मिनिटं मिळतात, ३२ टक्के नायट्रॉक्सवर (ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेवर) त्याहून जास्त, म्हणून नायट्रॉक्सचा कोर्स जमला तर उत्तम. पण खरी गोची वेगळीच आहे, शिकारीच्या नादात माणूस हवेचं गेज बघत नाही. जोडीदाराशी आधीच ठरवा की एकाकडे भाला, दुसऱ्याकडे मारलेले मासे ठेवायचा डबा, आणि डबेवाल्याने हवा विचारत राहायची. डबेवाला नेहमी बाजूला किंवा मागे, भाल्याच्या पुढे कधीच नाही. डाइव्हचा इन्शुरन्स काढा, डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा) घेतात बहुतेक लोक. झेंडा बोटीवर असतोच, आपण त्यापासून ३०० फुटांत वर यायचं.

आता डबा आणि हातमोजे, इथे कंजूषी केलीत तर रडाल. लायनफिशला १८ विषारी काटे असतात, पाठीवर १३, पोटाखाली २ आणि शेपटीजवळ खालच्या बाजूला ३. ते पसरट पिसांसारखे दिसणारे बाजूचे पर विषारी नसतात, पण घाईत कोण बघतंय. जाळीच्या पिशवीतून काटा आरामात बाहेर येतो आणि मांडीत घुसतो, म्हणून जाड प्लास्टिकची नळी, तोंडाला आत वळलेल्या पट्ट्या, मासा भाल्यासकट आत ढकलायचा आणि भाला मागे ओढायचा, मासा पट्ट्यांना अडकून आतच राहतो. पहिल्यांदा हे जमलं की इतकं समाधान वाटतं की काय सांगू. साधे निओप्रीनचे मोजे काट्यापुढे कागद आहेत, काटा न शिरणारे म्हणून वेगळे मिळतात ते घ्या, आणि ते घालूनसुद्धा माशाला हात लावायचा नाही. काटे कापायला जाड कात्री, फर्स्ट एडवाले कपडे कापायला वापरतात तसली.

ह्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे गरम पाण्याचा थर्मास. हसू नका. काटा लागला तर ती जागा ४३ ते ४५ डिग्री सेल्सिअसच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवायची, विष उष्णतेने निकामी होतं आणि कळ उतरते. थर्मासातलं पाणी थेट ओतायचं नाही, बादलीत गार मिसळून आधी न लागलेल्या हाताने बघायचं, लागलेल्या हाताला अंदाज येत नाही आणि भाजतं. श्वास लागला, चक्कर आली, अंगावर गांधी उठल्या तर थांबायचं नाही, बोट किनाऱ्याला आणि सरळ इमर्जन्सी. नाहीतरी काटा मोडून आत राहिला असेल तर डॉक्टरकडे जावंच लागतं. थर्मासवर टेप लावून लिहा कशासाठी आहे, कारण मागच्या वर्षी आमच्यातल्या एका शहाण्याने त्या पाण्यात कप नूडल्स करून खाल्ले. नशीब त्या दिवशी कुणाला काटा लागला नाही.

खाली गेल्यावर शोधाशोध अशी करा. दिवसा ते कपारीच्या छताखाली, कधी उलटे लटकलेले, दोन-तीन एकत्र असतात, पहाटे आणि संध्याकाळी बाहेर फिरतात. हळू जा, फिनने वाळू उडवू नका, श्वास शांत. तो पर पसरून तुमच्याकडे बघत राहतो, मानपानाला अडून बसलेल्या व्याह्यासारखा, हलत नाही, आणि हेच त्याला नडतं. डोक्याच्या लगेच मागे मारा. चुकला तर त्याच माशामागे लागू नका, तो एकदा बुजला की आत जातो आणि तुम्ही हात घालून बसता, त्या कपारीत मोरे ईल असू शकते. शार्क आली तर डबा तिच्या वाटेत धरून बसायचं नाही, भाल्यावरचा मासा तिला भरवायचा तर अजिबात नाही, तिला ती सवय लागली की पुढच्या लोकांना त्रास. ती फारच रस घेते आहे असं वाटलं तर डाइव्ह तिथेच संपली.

वर आल्यावर मासे थेट बर्फात. आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पाण्यात मला आजवर एकदाही काटा लागला नाही, लागला तो घरच्या सिंकवर, रात्री साडेदहाला. मासा सहा-सात तास बर्फात, पूर्ण मेलेला, मी भांडी घासायच्या रबरी मोज्यांनी उचलला आणि पाठीचा एक काटा अंगठ्यात. पहिला अर्धा मिनिट काही नाही, मग जी कळ सुरू झाली ती कोपरापर्यंत. बायको गीझरचं पाणी वाढवत होती आणि आईला व्हिडिओ कॉलवर वाटलं मी स्वयंपाकात बोट कापलं, ती हळद लाव हळद लाव म्हणून ओरडतेय. मासा मेला म्हणून विष मरत नाही, फ्रीझ केला तरी मरत नाही, शिजवल्यावर मरतं. म्हणून आधी कात्रीने अठराच्या अठरा काटे मोजून बुडातून छाटायचे, ते जुन्या बरणीत घालून झाकण लावून कचऱ्यात, आणि मगच सुरीला हात. विष मांसात नसतंच, मांस पांढरंशुभ्र आणि गोडसर असतं, पापलेटपेक्षा थोडं घट्ट. कोकम आगळ, हळद, मिरचीपूड, मीठ लावून वीस मिनिटं, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. आगळ इथे कधी मिळतं कधी नाही, तेव्हा येताना न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक बाटली कुणीतरी घेऊन या, हे यादीत धराच.

भाला गोड्या पाण्याने धुऊन, टोक काढून आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस, रबर सैल सोडून सावलीत टांगायचं. आपल्याकडे गॅरेजमध्ये खिळे ठोकलेत, तिघांचे तीन.